कबड्डीची साखळी : जोडीदाराचा हात नेमका कसा धरायचा?

मध्यरेषा: काल रेशीमबागेकडून येताना पोट्टे साखळी धरून मागं-पुढं सरकताना दिसले आणि हातांना जुनी सवय आठवली. चढाईचं कौतुक सगळेच करतात. मला बचावाबद्दल वाचायचंय. सात जण एका अंगानं हलतात ते कशामुळे? खेळलेल्यांनी, शिकवणाऱ्यांनी बारीकसारीक लिहा.
सुरुवात मी करतो. बोटांत बोटं गुंफू नका. चार बोटांचा आकडा करून जोडीदाराच्या आकड्यात अडकवा, अंगठा मोकळा. गुंफलेली बोटं ऐन वेळी सुटत नाहीत. एक झेपावतो आणि दुसऱ्याचं बोट मुरगळतं.

डावा कोपरा: हाव, आणि कोपर थोडं वाकलेलं. ताणून धरलेल्या हातानं दोघंही हलत नाहीत, चढाईपटूला आयता गडी मिळतो.
इशारा आधी ठरवून घ्या. एकदा दाबलं की मी जातोय, मागं ओढलं की थांब. चढाई ३० सेकंदांची, बोलायला वेळ कुठला!

नखं कापा: डबे भरून राहिली, सविस्तर रात्री लिहिते. तोवर नावात लिहिलंय ते करा. आणि अंगाला तेल लावून मैदानात यायचं नाही, नियमच आहे.

कव्हरवाली ताई: सगळ्यात जास्त दिसणारी चूक सांगते. कोपऱ्यानं, म्हणजे टोकाच्या गड्यानं, घोटा धरला आणि कव्हर, म्हणजे त्याच्या आतल्या बाजूचा गडी, बघत राहिला. निदानरेषा, म्हणजे चढाईपटूला ओलांडावीच लागते ती रेषा, मध्यरेषेपासून ३.७५ मीटर. चढाईपटू आडवा पडून हात लांबवतो तेव्हा त्यातलं निम्मं अंतर तसंच संपतं. उरलं एक पाऊल. म्हणून कव्हरनं मागून कंबर ओढत बसू नये, त्याच्या आणि मध्यरेषेच्या मधे शिरून रस्ता बंद करावा. छाती आडवी, पाय रुंद, डोकं त्याच्या अंगाच्या बाजूला. डोकं समोर गेलं की त्याच्या गुडघ्याचा फटका तोंडावर.
आणि उशीर झालाच असेल तर हातच लावू नका. तो सुटला तर झोंबलेले सगळे बाद. एका गुणाचं नुकसान चौघांचं होतं ते इथंच. मदतीला जाणं जितकं महत्त्वाचं तितकंच न जाणंही, आणि हे शिकायला मुलांना वर्ष लागतं.

डावा कोपरा: ताई, अगदी बरोबर. कोपऱ्याची चूक पण सांगा ना.

कव्हरवाली ताई: घाई! चढाईपटूचं तोंड समोर असताना पायावर झेप घेतली की तो पाय उचलून निघून जातो. तो वळतो, वजन एका पायावर येतं, तेव्हा तोच पाय धरायचा. धरला की घोटा छातीशी घेऊन पडून राहायचं, उठायचं नाही.

तेलंखेडी: आमच्या गल्लीत मैदान आखायचंय, कोणी सांगेल का? विषय थोडा वेगळा आहे, माफ करा.

मध्यरेषा: पुरुषांसाठी १३ बाय १० मीटर. सुतळी ताणून चारही कोपऱ्यांवर खुंट्या ठोका, मग दोन्ही कर्ण मोजा. प्रत्येकी १६.४० मीटर आले की कोपरे काटकोनात. दोन्ही बाजूंना एक-एक मीटरचा राखीव पट्टा याच मापात येतो. चुना अजिबात नको, झटापटीत डोळ्यांत जातो. रांगोळी वापरा. आपली काळी माती वाळली की भेगाळते आणि घोटे जातात. वरून चाळलेली माती पसरून, पाणी मारून, दाबून घ्या.

तेलंखेडी: बाप्पा, लय मोठं काम झालं. धन्यवाद भाऊ!

राखीव गडी: बाकावर बसलेल्यांबद्दल कोणी बोललंच नाही. बाद झालेले ज्या क्रमानं बाहेर गेले त्याच क्रमानं आत येतात. म्हणजे तुमचा मुख्य चढाईपटू शेवटी बाद झाला असेल तर तो आत येण्यासाठी आधीच्या सगळ्यांचे गुण मिळवावे लागतात. बोनसच्या गुणावर कोणी जिवंत होत नाही. मैदानात तीन किंवा कमी असताना पकड केली तर अव्वल पकड, दोन गुण, पण आत येणार एकच. हा हिशेब बाकावरच्यांनी तोंडपाठ ठेवून आतल्यांना ओरडून सांगायचा. लोण, म्हणजे अख्खा संघ बाद, बसायला आला असेल तर दोघांनी साखळी सोडून कोपरे धरायचे की सोबत राहायचं, हे बाहेरून जास्त नीट दिसतं.

नखं कापा: आले परत. मे महिन्यात सराव पहाटे साडेपाचला आणि सातच्या आत बंद. एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर, तसाच अर्धा चमचा मीठ, हे प्रत्येक सरावाला हवंच. नुसतं पाणी पीत राहिलं तर पोटऱ्यांना गोळे येतात.

सक्करदरा: आणि सरावाच्या आधी तर्री-पोहे नको 🙏 पोट जड असलं की खाली वाकवत नाही. नंतर खा, मस्त खा.

पालक: माझी मुलगी ११ वर्षांची आहे, जोडीदारीण तिच्यापेक्षा वीतभर उंच. साखळी तुटते. काऊन होत असेल?

कव्हरवाली ताई: उंच मुलगी सरळ उभी राहत असेल. तिला गुडघ्यातून वाकायला सांगा, दोघींच्या कमरा एका रेषेत आल्या पाहिजेत. मग चढाईपटूशिवाय, नुसतं हात धरून दहा मिनिटं मागं-पुढं सरकवा. आधी डोळे उघडे, मग दोघींपैकी एकीचे मिटलेले. हातावरूनच जोडीदारीण कळायला लागते. आठवड्यानं इथंच सांगा कसं चाललंय ते.