तीर्थोपाध्यायांच्या वह्या पाहिल्यात का?

वंशावळ शोधताय, पण पणजोबांच्या मागच्या पिढ्यांचं काहीच सापडत नाही? नाशिकला जाऊन या. तिथल्या तीर्थोपाध्यायांकडे, म्हणजे यात्रेकरूंचे धार्मिक विधी करणाऱ्या पुरोहितांकडे, येऊन गेलेल्या घराण्यांच्या पिढ्यान् पिढ्यांच्या वह्या असतात. जाताना आडनावाबरोबर मूळ गाव पक्कं माहीत हवं, कारण वही गावावरूनच निघते. माझ्या आजोळची वही गुरुजींनी दहा मिनिटांत काढली. लांबट, लाल कापडात बांधलेली, पानांच्या कडा झिजलेल्या. शके १८३३ची नोंद, खाली खापरपणजोबांची मोडीतली सही, शेजारी भावांची, मुलांची नावं. सहीवरून बोट फिरवताना डोळे भरून आले. मुलींची नावं मात्र क्वचितच लिहिलेली, ते फार लागलं.

दुसरी जागा म्हणजे तहसील कार्यालयाचा अभिलेख कक्ष. कोतवाल बुकात गावातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी मिळतात, जुन्या फेरफारांत, म्हणजे जमिनीच्या हक्कबदलाच्या नोंदींत, वारसांची नावं. २०२३मध्ये कुणबी नोंदींच्या शोधासाठी असे कागद मोठ्या प्रमाणावर स्कॅन झाले, त्यातले बरेच जिल्ह्यांच्या सरकारी संकेतस्थळांवर आहेत. आडनाव न सापडल्यास फक्त बापलेकांची नावं शोधा. जुन्या नोंदींत अनेकदा आडनावच नसतं. मोडी थोडी तरी शिकाच. आणि घरातल्या सगळ्यात थोरल्या आत्याला, मावशीला याच आठवड्यात भेटा.