'द्रव आणि प्लास्टिक' की 'द्रायू आणि बहुवारिक'?

प्रश्न : 'फ्लुइड' आणि 'सिंथेटिक पॉलिमर' यांच्या भौतिक गुणधर्मांची तुलना करणारे एक टिपण मी अकरावीच्या विद्यार्थ्यांसाठी मराठीत लिहीत आहे. शीर्षकात 'द्रव आणि प्लास्टिक' म्हणावे का? 'व्हिस्कॉसिटी'ला 'चिकटपणा' चालेल का?

उत्तर : दोन्ही टाळावेत, असे मला वाटते. 'द्रव' म्हटले की हवा बाहेर राहते. 'फ्लुइड'मध्ये द्रव आणि वायू दोन्ही येत असल्याने 'द्रायू' हा जोडशब्द घडला असून मराठी विश्वकोशातील 'द्रायुयामिकी'मध्ये तोच आहे. 'प्लास्टिक'ही अपुरे आहे, कारण नायलॉनचा धागा आणि कृत्रिम रबर हेही पॉलिमरच, पण त्यांना आपण प्लास्टिक म्हणत नाही. 'पॉलिमर'साठी 'बहुवारिक' घ्यावा : एकवारिक, म्हणजे सुटे छोटे रेणू बहुवार, म्हणजे अनेक वेळा, जोडले जाऊन होते ते बहुवारिक. हा शब्द अर्थ स्वतःच सांगतो.

'चिकटपणा' म्हणजे दुसऱ्या वस्तूला धरून राहणे, तर 'श्यानता' म्हणजे वाहण्याला होणारा अंतर्गत विरोध. डिंकाचे पातळ पाणी सहज वाहते, तरी कागद चिकटवते. 'घट्ट' हा शब्दही जपून वापरावा, कारण २० अंश सेल्सिअसला एरंडेलाची श्यानता पाण्याच्या सुमारे हजारपट असते आणि तरीही ते पाण्यावर तरंगते, म्हणजे त्याची घनता कमीच असते.

प्रश्न : मग तुलना 'द्रायू विरुद्ध बहुवारिक' अशी मांडू का?

उत्तर : खरी अडचण इथेच आहे. 'द्रायू' हे नाव पदार्थाच्या वागण्यावरून पडले आहे आणि 'बहुवारिक' हे रेणूच्या रचनेवरून, त्यामुळे एकच पदार्थ दोन्ही असू शकतो. पॉलिथिलीनची पिशवी घन असते, पण पिशवीसाठी वितळवलेले पॉलिथिलीन द्रायूच असते. फरक वाहण्याच्या रीतीत आहे. पाणी सावकाश ढवळा वा जोराने, त्याची श्यानता बदलत नाही. वितळलेल्या बहुवारिकात मात्र रेणूंच्या लांब साखळ्या प्रवाहाच्या दिशेने ओळीत येतात आणि वेग वाढेल तशी श्यानता घटते. शिवाय या साखळ्या ताणल्या जाऊन मागे ओढतात. फिरत्या दांडीभोवती पाण्याला खळगा पडतो, तर बहुवारिकाचे दाट द्रावण दांडीवर चढते! श्यानता आणि स्थितिस्थापकता (ताण सुटल्यावर पूर्ववत होण्याचा गुण) अशी एकत्र दिसते, म्हणून मी 'श्यान-स्थितिस्थापक' असे लिहितो. आपल्या टिपणाला 'साधे द्रायू आणि वितळलेली संश्लेषित बहुवारिके : वाहण्यातील फरक' हे शीर्षक मला नेमके वाटते.