स्टिअरिंग सोडून टेबलावर: सोलापूरकरांनो, तुमचे अनुभव लिहा

पुणे-हैदराबाद रस्ता आणि विजापूरचा रस्ता आपल्या गावातच एकमेकांना भेटतात, त्यामुळे दर गल्लीत एखादा ड्रायव्हर सापडतोच. त्यातले बरेच जण आता ऑफिसात बसतात. पगार परवडला का, अंगाचं काय झालं, घरचे काय म्हणाले? नुसतं ‘सुटलो एकदाचा’ नको. कशातून सुटलात तेही येऊ द्या.

जुळे सोलापूर

ट्रान्सपोर्ट ऑफिसात भाड्याला गाड्या लावायचं काम बघतो. आधी चौदा टायरवर होतो. जाताना कांदा, चादरी, टॉवेल; येताना मिळेल ते भाडं. मालकानं आत घेतलं ते मला कॉम्प्युटर येतो म्हणून नाही. फोनवर ड्रायव्हर ज्याला थापा मारू शकणार नाहीत असा माणूस त्याला हवा होता. ‘झहिराबादला जाम हाय’ म्हणणाऱ्याच्या मागं ढाब्यावर ताटं वाजत असतात. ती मला ऐकू येतात, साहेबांना येत नाहीत.

कॉम्प्युटर पोरीनं शिकवला. बिल्टी, म्हणजे मालाची पावती, सोपी; ई-वे बिलानं, म्हणजे माल नेताना लागणाऱ्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदानं, घाम काढला. 200 किलोमीटरला एक दिवस असा त्याचा हिशेब. हैदराबाद साधारण 300, म्हणजे दोन दिवसांची मुदत. वाटेत गाडी बसली, माल दुसऱ्या गाडीत घेतला, की पार्ट बी मध्ये, म्हणजे बिलाच्या गाडीच्या माहितीच्या भागात, नंबर बदला. मुदत वाढवायची तर संपायच्या आधीचे आठ तास आणि नंतरचे आठ तास, तेवढ्यातच. म्हणजे रात्री दोनला फोन ठरलेला. झोप काही परत मिळाली नाही, फक्त आता ती माझ्याच गादीवर मोडते. ताज्या कांद्याला ई-वे बिल लागत नाही. कांद्याच्या गाड्या जास्त असल्या की मी खुशीत असतो, हे मालकाला सांगू नका.

पैशाचं म्हणाल तर पगार जवळजवळ तेवढाच. गेला तो भत्ता. निघताना हातात रोख पडायची. जेवण, हमाली, वाटेतली चिरीमिरी भागवून उरेल ते आपलं. आता पगार खात्यात येतो आणि मेसेज आधी बायकोच्या मोबाइलवर वाजतो. पानाला पैसे मागावे लागतात बे!

अशोक चौक

यांचं मी लिहिते, हे लिहिणार नाहीत. एमआयडीसीत गोडाऊनच्या हिशेबाला आहेत. नोकरीआधी तपासणी केली तेव्हा शुगर निघाली. गाडीवर असताना डॉक्टरकडे जायला सवड कुठली! सुरुवातीला रात्रभर टक्क जागे आणि जेवायला बसले की डुलक्या. त्याहून अवघड पोरांचं झालं. शाळेच्या वहीवर सही माझीच घ्यायची सवय. बाप समोर बसलेला असताना वही माझ्याकडे आली, तेव्हा हे काही बोलले नाहीत, ताटावरून मात्र उठले. आता शाळेच्या मीटिंगला तेच जातात, मी मुद्दाम जात नाही.

मोहोळ

साखर कारखान्यात काट्यावर बसतो. भरलेलं वजन, रिकामं वजन, पावती. हंगाम संपला की पुढं काय ते विचारू नका. पाठ सरळ झाली, एवढं खरं.

विजापूर वेस

मी उलटा आलो, टेबलावरून परत गाडीवर. ऑफिसात काल आलेली पोरं ‘ओ ड्रायव्हर’ म्हणून हाक मारायची आणि गाडी अडकली की मलाच विचारायची. काम रस्त्याच्या माहितीवर चालायचं, पगार मात्र शिपायाचा. वाढवा म्हटलं तर ‘तू बारावी नापास’. मग कशाला बसू?

1961 च्या कायद्यात होतं, दिवसाला आठ तासच काम. आमच्यात कुणी पाळलेला बघितला नाही. 1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या नव्या ट्रकना एसी केबिन सक्तीची झाली, पण माझी गाडी त्याआधीची. मे महिन्यात बॉनेटजवळ बसून बघा.

जे सोडणार आहेत त्यांना एकच: हेवी लायसन्सची मुदत पाच वर्षांची असते, ऑफिसात गेलात तरी रिन्यू करत राहा. माझं चालू होतं म्हणून त्याच आठवड्यात गाडी मिळाली.