आजोबांच्या पेटीत पाऱ्याची बाटली सापडली, घरात सांडलाय पण, काय करू?

गुजरीचा_नातू
मंडळी अर्जंट विचारतोय. आमचे आजोबा कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, सोनारकाम करायचे. परवा माळ्यावरची त्यांची पेटी काढली तर फुंकणी, चिमटे, दोन-तीन ठसे आणि एक बारकी टॉनिकची बाटली, बूच मेणानं बंद केलेलं. उचलली तर हातच खाली गेला, एवढीशी बाटली नि वजन दगडासारखं. आत पारा! पोरगं सात वर्षांचं, माझी पाठ फिरली नि त्यानं थोडा फरशीवर ओतला, गोळ्या सुसाट कपाटाखाली. आईनं सवयीनं केरसुणी मारली, वर एक थेंब बोटानं उचलायला गेली तर तिची सोन्याची अंगठी एका बाजूनं चांदीसारखी पांढरीफटक. आता म्हणतीय गॅसवर धर, पारा उडून जाईल, सासरे असंच करायचे. धरू का? आणि पोराच्या हाताला लागलाय त्याचं काय?

लॅबवाले_सर
अंगठी गॅसवर अजिबात धरू नका, आधी हे वाचा मग बाकीचं. पारा 357 अंशाला उकळतो पण वाफ तो साध्या खोलीत पण सोडत असतो, फक्त दिसत नाही नि वास पण येत नाही. तापवला की ती वाफ एकदम सुटते, आणि स्वयंपाकघरात दार लावून असला उद्योग केल्यानं माणसं फुप्फुस सुजून दगावलीत. पोराचा हात साबणानं धुवा, तेवढ्यावर घाबरायचं कारण नाही. धातूचा पारा कातडीतून फारसा आत जात नाही, गिळला तरी बहुतेक सगळा शौचावाटे जातो, पण वाफ श्वासातून गेली तर शंभरातले ऐंशी भाग अंगातच राहतात. म्हणजे लोक भितात हाताला नि भ्यायला पाहिजे नाकाला.

आकडाच सांगतो. 20 अंशाला बंद खोलीतल्या एका घनमीटर हवेत 13-14 मिलिग्रॅम वाफ मावते, आणि कामाच्या जागी आठ तासांसाठी जी मर्यादा धरतात ती 0.025 मिलिग्रॅम. एवढी वाफ घरात कधी भरत नाही, खिडक्या असतात, पण फटीत अडकलेले थेंब महिनोन्महिने थोडं थोडं सोडत बसतात. केरसुणीनं नेमकं तेच झालं, एका थेंबाचे शंभर केले.

आता करायचं असं: पोराला दुसऱ्या खोलीत, पंखा बंद, खिडक्या उघड्या, मधलं दार लावून घ्या. हातातलं सोनं-चांदी काढून ठेवा. लाईट घालवून टॉर्च फरशीला टेकवून आडवा धरा, थेंब चांदण्यासारखे चमकतात. जुन्या लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्यानं गोळा करा, ड्रॉपरनं ओढा, बारके चिकटपट्टीला लावून उचला, आणि सगळं घट्ट झाकणाच्या बरणीत. व्हॅक्युम क्लीनर नको, मोरीत धुऊन सोडणं तर नकोच.

उद्यमनगरी
भावा नशीब काढलंस की, यूट्यूबवर बघितलं लाल पाऱ्याला लाखो मिळतात, जुन्या रेडिओत पण असतोय म्हणं 😄 नायतर पाऱ्याचं शिवलिंग करून घे. बाकी सर, पाऱ्यावर नटबोल्ट तरंगतो हे खरं का?

लॅबवाले_सर
लाल पारा ही शुद्ध थाप आहे, त्यापायी लोकांनी चांगले रेडिओ फोडले. नटबोल्ट मात्र खरंच तरंगतो, पारा पाण्याच्या साडेतेरा पट जड, लोखंड आठ पटसुद्धा नाही. बाटलीत 20 मिली असेल तर 270 ग्रॅम भरेल, हात खाली जाणारच. आणि लोखंडाला तो धरत नाही म्हणून मोठा व्यापार लोखंडी बाटल्यांतनं चालायचा, एकेक साडेचौतीस किलोची. ॲल्युमिनियमच्या डब्यात मात्र ठेवू नका, पोखरून टाकतो, म्हणून तर विमानात नेऊ देत नाहीत.

हुपरीकर
आमच्या घरात तीन पिढ्या चांदीकाम, त्यामुळं लिहितो. नातूदादा तुमच्या आजोबांचा पारा बहुतेक मुलाम्यासाठी असणार. सोनं पाऱ्यात विरघळवून लोण्यासारखा लगदा करायचा, तो चांदीच्या नायतर तांब्याच्या वस्तूला चोळायचा नि कोळशावर धरायचा, पारा उडतो सोनं बसतं. झारेकरी पण दुकानापुढची माती धुऊन शेवटचं सोनं पाऱ्यातच धरायचे. आता सोन्याचं पाणी करंटवर चढवतात, ते सगळं गेलं, गेलं ते बरंच झालं. आमच्या थोरल्या चुलत्यांचा हात म्हातारपणी एवढा थरथरायचा की चहा बशीत कमी नि धोतरावर जास्त, हिरड्या सुजायच्या, बारक्या गोष्टीवर खेकसायचे. आम्ही म्हणायचो वय झालं. खरं काय ते आता कोण सांगणार, पण भट्टीपुढं उभं आयुष्य गेलं होतं त्यांचं.

अंगठी झाकणाच्या डबीत घालून धूर ओढणारं मशीन असलेल्या सोनाराकडं न्या आणि पारा लागलाय हे आधी सांगा, न सांगता दिली तर त्याच्या तोंडावर वाफ जाईल.

कळंब्याची_सिस्टर
पूर्वी वॉर्डात बीपीचं मशीन फुटलं की आम्ही पोरी पारा तळहातावर घेऊन खेळायचो, आठवलं की काटा येतो. आता डिजिटल आलीत, पाऱ्याचा वापर कमी करायचा जो जागतिक मिनामाता करार आहे तो पण भारतानं 2018 ला मंजूर केलाय. दादा, पोराला नायतर आईला खोकला, धाप, ताप असं काही वाटलं तर लगेच डॉक्टरांकडं जा नि पाऱ्याचं स्पष्ट सांगा, लघवीची तपासणी होते.

गुजरीचा_नातू
सगळ्यांचे आभार. टॉर्चची आयडिया भारी, कपाट सरकवलं तर फरशीच्या सांध्यात रांगोळीच्या ठिपक्यांसारखे थेंब, दीड तास गेला. अंगठी डबीत आहे, पोरगं ठणठणीत. आजोबांची बाटली आणि ही बरणी प्लास्टिकच्या डब्यात घालून बाहेर पोर्चमध्ये कुलपात ठेवलीय. ती कुठं द्यायची? आणि केरसुणीचं काय करू, झटकली की थेंब पडतात.

लॅबवाले_सर
भंगारवाल्याला नको नि कचरागाडीत पण नको. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कोल्हापूरच्या ऑफिसात विचारा, घातक कचरा घेणारी अधिकृत एजन्सी ते सांगतील. केरसुणी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून त्याच्यासोबतच.

गुजरीचा_नातू
सर तेवढंच अडलंय. आई म्हणतीय केरसुणी म्हणजे लक्ष्मी, दिवाळीला पुजलेली, शुक्रवारी घराबाहेर काढायची नाही. सध्या पिशवीत बांधून बरणीशेजारी ठेवलीय, हळदकुंकू लावून.