जोडीदाराचा कॅन्सर आणि आपले मिरग, महालक्ष्म्या, येळवस : तुमचे अनुभव लिहा

‘आता कसं आहे?’ एवढंच लोक विचारतात, आणि त्याचं उत्तर रिपोर्टात असतं. घरातला पावसाळा कसा गेला, पेरणी कुणी केली, सणाला पुरण घातलं का, हे कुणी विचारत नाही. माझ्या मालकांच्या जिभेच्या कॅन्सरला येत्या मिरगात तीन वर्षं होतील. नवऱ्याचं किंवा बायकोचं दुखणं सांभाळत तुमचे उन्हाळे-पावसाळे कसे गेले, ते लिहा. ज्यांचा जोडीदार आता नाही, त्यांनीही लिहावं.

सुरुवात मी करते, औशाहून.

जिभेच्या कडेला आधी पांढरा चट्टा होता, मग भरून न येणारी जखम. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पण आमच्या फाट्यावरच्या टपरीत पुडी कधी तुटली नाही. बार्शीला निदान झालं. तिथल्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयात बाकड्यावर बसलं की लातूरच्या स्टँडवर बसल्यासारखं वाटतं, इतकी आपल्याकडची माणसं. अर्धी जीभ काढली, मानेतल्या गाठी काढल्या. मग ३० शेक, म्हणजे रेडिएशन. आठवड्याला पाच, म्हणजे दीड महिना. चौथ्या आठवड्यात तोंड आतून सोलवटून निघालं. नाकातून नळी होती, पण ओठ ओले करायला चमचाभर पाणी घ्यायचे आणि ते गिळताना माझं मनगट धरायचे. किती दुखतंय ते मला मनगटावर कळायचं.

नळी निघाली आणि पुढं येळवस आली. लातूर-धाराशिवकडं मार्गशीर्ष अमावस्येची ही येळवस दिवाळीहून मोठी. शेतात कडब्याची कोप, तिच्यात चुना लावलेले पाच पांडव, भज्जी, उंडे, खीर आणि मडक्यात ज्वारीच्या पिठाची ताकातली आंबील. हे आधी म्हणाले, मी घरीच थांबतो. चारचौघांत बोलायची लाज वाटायची. मी काही बोलले नाही. आदल्या रात्री आंबील मात्र दोन मडक्यांत लावली. एकीत मिरची-लसूण, दुसरीत नुसतं जिरं-मीठ. सकाळी दोन मडकी बघून ते बैलगाडीत येऊन बसले.

पूजा झाल्यावर पिकाभोवती आंबील शिंपडत ‘ओलगे ओलगे सालम पोलगे’ म्हणत फिरायचं असतं. दर साली हेच पुढं. अर्ध्या जिभेला ‘ल’ येत नाही. मुलगा म्हणायला लागला आणि ह्यांचा आवाज मागून आला, ‘ओअगे ओअगे’. शेजारच्या रानातनं त्यांच्या मित्रानं नेहमीसारखंच ओरडून उत्तर दिलं. ऑपरेशननंतर पहिल्यांदा मी त्यांचा मोठा आवाज ऐकला.

जालना जिल्हा, शेतकरी

ताई, आमच्या मंडळींना डाव्या बाजूचा स्तनाचा कॅन्सर. ऑपरेशनात काखेतल्या गाठीही काढल्या. सुट्टी देताना सिस्टरनं दोनदा बजावलं, या हातावर ओझं नाही, सुई नाही, बीपीचा पट्टा नाही, कापू-खरचटू द्यायचं नाही. नाहीतर हात सुजेल आणि ती सूज उतरणं अवघड.

आता कपाशीच्या गावात हे सांगायचं कुणाला? दसऱ्यानंतर वेचणी लागली. उकललेल्या बोंडाची टोकं सुकली की सुईसारखी होतात. चांगल्या हातांनाही ओरखडे पडतात. ही घरात बसून राहीना. म्हणाली, एका हातानं वेचते. पहिल्या दिवशी उजव्या हातानं वेचलं, ओटीही उजव्याच खांद्याला बांधली. दुसऱ्या दिवशी बघतो तर डावा हात आपोआप बोंडाकडं जायलाय. तीस वर्षांची सवय हो. तिसऱ्या दिवशी मी तिला काट्यावर बसवलं. मजुरांचा कापूस ती मोजायची, वहीत लिहायची. आमच्या घरात हिशेब मीच ठेवत होतो आणि दर साली पाच-दहा किलोवरून बायांशी वाद व्हायचा. त्या साली एकही झाला नाही. काटा अजून तिच्याकडंच आहे.

दुसरी गोष्ट बांगड्यांची. त्या हातात घट्ट काही घालायचं नाही. महालक्ष्म्यांच्या हळदीकुंकवाला एका बाईनं हिच्या रिकाम्या डाव्या हाताकडं बघून तोंड वाकडं केलं. किमोनं केस गेले तेव्हा ही रडली नव्हती, पदर ओढून कामाला लागली होती. त्या संध्याकाळी रडली. दुसऱ्या दिवशी कासाराकडं गेलो. दोन मापं मोठ्या काचेच्या चार बांगड्या आणल्या, सैल. डॉक्टरला विचारून घातल्या. त्या कोपरापर्यंत वर-खाली होतात, वाजतात. ही आतल्या खोलीत असली तरी मला ओसरीत कळतं.

आणि उन्हाळा. हार्मोनची गोळी पाच वर्षं घ्यायची आहे. त्या गोळीनं अंगातनं एकदम वाफ निघाल्यासारखं होतं म्हणती. मे महिन्यात, ४२-४३ डिग्रीत, वर लाइट गेलेली. गोणपाट भिजवून खिडकीला लावायचं, एवढाच उपाय. रात्रीतनं दोनदा उठून मीच भिजवतो.

परभणी

आमचं उलटं, आम्हाला थंडीनं छळलं. ह्यांना आतड्याचा कॅन्सर. सलाइनमधून जे औषध द्यायचे त्याला सगळे ऑक्झाली म्हणायचे. सलाइननंतर पाच-सहा दिवस गार कशालाच हात लावायचा नाही असं सांगितलं होतं. ऐकताना सोपं वाटलं. पण परभणीची थंडी तुम्हाला माहीत आहे, पारा पाच-सहा अंशांवर येतो. पहाटे दुधवाल्याला गेट उघडायला गेले आणि लोखंडी कडीला हात लागताच करंट बसल्यासारखा हात झटकला. एकदा विसरून माठातलं पाणी प्याले तर म्हणाले, घशातनं काच गेली.

त्या हिवाळ्यात मी घरातला गारवा शोधत फिरायचे. तांब्याच्या भांड्यांची जागा प्लॅस्टिकच्या मगानं घेतली. मोटारसायकलच्या हँडलला जुन्या स्वेटरच्या बाह्या शिवून घातल्या. ताटही आधी गरम पाण्यातून काढायचं, कारण स्टीलचं ताट थंडीत बर्फ असतं. औषध थांबून वर्ष झालं. पायाच्या बोटांत मुंग्या अजून येतात. चप्पल निसटली तरी त्यांना कळत नाही, म्हणून मागं पट्टा असलेलीच घ्यावी लागते.

बीड जिल्हा, शिरूर कासार तालुका (वडील सांगतात, मी लिहितोय)

आमचा कोयता होता. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरत्यात. उचल, म्हणजे आगाऊ पैसे, त्याच हिशेबानं मिळते. दसरा झाला की ट्रकमधी संसार भरायचा, पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, उन्हाळ्यात गावाकडं. वीस वर्षं दिवाळी फडावर, कोपीतच केली.

हिचं अंगावरनं जात होतं. दोन साल अंगावर काढलं. एका खासगी दवाखान्यात बघितलं, न तपासता गर्भाची पिशवी काढा म्हणले, पैसे घेऊन या. पैसे नव्हते म्हणून राहिलं. पुढं गावातल्या आशाताईनं जोर केला आणि संभाजीनगरच्या सरकारी कॅन्सर दवाखान्यात गेलो. तिथं तुकडा काढून तपासला. पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर. डॉक्टर म्हणले, यात नुसती पिशवी काढून भागलं नसतं. बाहेरनं २५ शेक, दर आठवड्याला एक सलाइन, मग आतले शेक. रेशनकार्डावर महात्मा फुले योजनेत बसलं.

मुकादमानं उचल परत मागितली. ती कशी फेडली ते सांगत नाही.

मला सांगायचंय ते कपड्यांचं. तिला रक्त जायचं, शेकानं जुलाब व्हायचे. रोज लुगडी धुवायची. ती वाकू शकत नव्हती, पोरगी सासरी. हापशावर बायांची रांग आणि त्यात मी एकटा बाप्या. पहिल्या दिवशी अंधारात गेलो. दुसऱ्या दिवशीही. मग एका म्हातारीनं दिवसा हाक मारली, ये रे लेकरा, तुझा नंबर आधी. ती हापसायची, मी धुवायचो.

त्या साली दिवाळी घरात झाली. हिनं अंथरुणातनं सांगितलं, मी पोळ्या केल्या. जाड झाल्या. आता मी एकटा जातो, अर्धा कोयता. ही गावात शेरडं सांभाळती. रात्री फोनवर आज किती टन भरलं ते विचारती, मी शेरडांचं विचारतो.

नांदेड

माझ्या बायकोची ट्रीटमेंट परळला, टाटाला. चौदा महिन्यांत अठरा खेपा. नव्यानं जाणाऱ्यांसाठी एक सांगतो. दवाखान्याकडून रेल्वेच्या सवलतीचा फॉर्म भरून घ्या. कॅन्सरच्या पेशंटला उपचाराच्या प्रवासाला स्लीपर आणि थ्री एसीत भाडं माफ असतं, सोबतच्या एकाला ७५ टक्के सवलत. आम्हाला पाचव्या खेपेला कळलं.

जाताना रात्रीची देवगिरी, येताना दिवसाची तपोवन. माझ्या बायकोनं दोन पावसाळे तपोवनच्या खिडकीतनंच बघितले. कसाऱ्याच्या घाटात धबधबे, नाशिकला भुरभुर, आणि मनमाड ओलांडलं की ढग पांढरे. ती दर वेळी जालन्याच्या पुढं खिडकीतनं सोयाबीन बघून मला सांगायची, इथं पडलाय, इथं नाही पडला. मला वाटायचं ही दुखणं विसरण्यासाठी बोलतीय. नंतर कळलं, घरच्या दोन एकराचा अंदाज बांधायली होती.

लातूर शहर

२०१६ चा उन्हाळा आठवतो का? मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, एप्रिलमधली पहिली गाडी दहा वाघिणींची, पाच लाख लिटर. पेपरात फोटो आले. त्याच महिन्यात माझ्या पत्नीची तिसरी किमो होती. डॉक्टर म्हणायचे भरपूर पाणी प्या, स्वच्छता ठेवा, पांढऱ्या पेशी कमी आहेत, जंतू लागतील. उलटीच्या चादरी भिजवायच्या तर बादलीभर पाणी. पिण्याचं उकळून गार करायचं, त्यात थोडं आटायचं, तेवढ्यानंही जीव हळहळायचा.

मी कुणाकडं मागितलं नव्हतं. समोरच्या आजी रोज सकाळी कळशी घेऊन यायच्या आणि न बोलता उंबऱ्याजवळ ठेवून जायच्या. त्यांच्या घरात सहा माणसं होती. पत्नी बरी झाल्यावर पहिल्यांदा पायी चालत गेली ती रस्ता ओलांडून, त्यांच्याकडं.

परंडा

२०२५ च्या सप्टेंबरातल्या पुरात आमचे तीन शेक बुडाले. पुलावरून पाणी, बार्शीची एसटी बंद. मालकीण घाबरली नाही, मीच घाबरलो. फोन केला, त्यांनी पुढं दिवस वाढवून दिले. शेक मधेच तुटले तर आजाराला सवड मिळते असं तिथंच समजावलं होतं. पावसाळ्यात शेक चालू असतील तर दवाखान्याजवळच खोली घ्या. सोयाबीन आमचं तसंही पाण्यात गेलं होतं, घरी थांबून काय राखणार होतो.

हिंगोली जिल्हा

माझे हे नाहीत आता. दोन वर्षं सांभाळले, शेवटचा उन्हाळा घरीच. दुखण्याच्या गोळ्या चार-चार तासांनी द्यायच्या होत्या. ते मला म्हणाले, तू विसरशील, कॅलेंडरवर लिही. मग भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटीत दुधाच्या लिटरखाली गोळ्यांच्या वेळा. रात्री दोनची गोळी झाली की आम्ही दोघं जागेच राहायचो. तेव्हा ते बोलायचे. एरवी अबोल माणूस. लग्नात माझ्या वडिलांनी दिलेल्या गाईचं नाव काय होतं, हे एका रात्री तासभर आठवत बसलो होतो.

आषाढात गेले. कॅलेंडर मी उतरवलं नव्हतं. पान उलटलं तर पोळ्याच्या चौकटीत त्यांच्या हातचं अक्षर, ‘झूल दोन, घुंगरू’. कधी लिहिलं, मला माहीत नाही. घरात दुखवटा, सगळे म्हणाले यंदा पोळा नको. मी दिराला पैसे दिले आणि बाजारला पाठवलं.

ताई, एक विचारायचं होतं. माझ्या भावालाही आता तोंडाचाच निघाला, नळी घातलीय. नळीतून आंबील चालते का? तो सारखी मागतोय.

औसा (पुन्हा मी)

बाई, तुमचं लिहिणं दोनदा वाचलं.

आंबिलीचं सांगते. आधी तिथल्या आहारवाल्या मॅडमना विचारा. पेशी कमी असतील तर ताक नको म्हणू शकतात, तेव्हा नुसत्या पाण्यात ज्वारीची पेज करा. चालते म्हणाल्या तर मिरची, लसूण, दाणे काही घालू नका. पीठ बारीक दळून दोनदा चाळा, पातळ शिजवा, कोमट होऊ द्या आणि मलमलच्या धुतलेल्या फडक्यातून गाळा. गुठळी राहिली की नळी बसते. देताना भावाला टेकून बसवा, सिरिंज उंच धरा आणि आपोआप उतरू द्या, दाबू नका. नंतर थोडं साधं पाणी सोडून नळी धुवा. अर्धा तास आडवं होऊ द्यायचं नाही.

चव जिभेला लागणार नाही. आमचे मालक आंबील नळीत सोडताना वाटी नाकाजवळ धरायला लावायचे. तेवढं करा.