तापानंतरचा थकवा की प्रोस्टेट? रात्रीची लघवी कोणाच्या खात्यात धरायची?

रात्रपाळी

मंडळी, वय ६३. मध्यंतरी घरात व्हायरलची साथ फिरली. बाकीचे आठवड्याभरात उठून कामाला लागले, मी मात्र अजून रेंगाळतोय. ताप कधीच गेला, पण अंग जड, कंबर धरलेली. दुपारी डोळे मिटतात, वाचायला बसलो तर एकच ओळ परत परत वाचतो. संध्याकाळ झाली की नाक चोंदतं.

त्यात नवीन भर लघवीची. रात्री उठावं लागतं. दिवसाही ‘आत्ताच तर जाऊन आलो’ असं होतं. उभं राहिलं तरी धार सुरू व्हायला वेळ लागतो आणि सगळं आवरून बाहेर पडलो की दोन थेंब विजारीत.

फॅमिली डॉक्टर म्हणतात, व्हायरलनंतरचा अशक्तपणा आहे, वेळ जाऊ द्या. मेव्हणा छातीठोकपणे सांगतो, प्रोस्टेट, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालची ती ग्रंथी! साठीनंतर कोणाला चुकलीय? माझ्या डोक्यात मात्र रोज नवा रोग येतो. औषधं म्हणाल तर बीपीची जुनी गोळी, आणि रात्री सर्दीची एक. ती दुकानातून आणलेली आहे, तिच्याने झोप तरी लागते.

हे सगळं एकच दुखणं आहे की दोन? आणि पीएसए, ती प्रोस्टेटची रक्ततपासणी, करून एकदाचं मोकळं व्हावं का?

ताकही_फुंकून

एवढंच सांगायला आलो: पुन्हा ताप चढला तर वाट बघत बसू नका. मला हुडहुडी भरून १०२ ताप आला होता. पाठ, मांड्या, सगळं ठणकत होतं. घरातल्यांनी फ्लूच धरला. डॉक्टरांनी घशात बॅटरी मारली आणि म्हणाले, “घसा स्वच्छ, नाक कोरडं, खोकला नाही. मग एवढी थंडी कशाची?” पुढचा प्रश्न लघवीचा. आग होत होती, आणि खुर्चीत टेकवत नव्हतं. अंडकोषांच्या मागे, गुदद्वाराच्या अलीकडे जी जागा आहे ना, नेमकं तिथे दुखायचं. लघवी कल्चरला पाठवली, ई. कोलाय निघाला. प्रोस्टेटला जंतुसंसर्ग. अँटिबायोटिक चार आठवडे चाललं. व्हायरलवर ते औषध कामच करत नाही, म्हणजे फ्लू समजून पडून राहिलो असतो तर ते मिळालंच नसतं, मग काय झालं असतं बघा.

तुम्हाला ताप नाही, तेव्हा तुमचं प्रकरण हे नसावं.

जुनी_वॉर्डसिस्टर

काका, माझी सगळी नोकरी युरॉलॉजीच्या वॉर्डात गेली. मी डॉक्टर नाही, निदान तुमच्या डॉक्टरांनीच करायचं. पण तुम्ही जाता जाता लिहिलेल्या त्या सर्दीच्या गोळीवर माझी नजर अडकली.

पाकीट उलटं करा आणि चष्मा लावून बारीक अक्षरं वाचा. फेनिलेफ्रिन किंवा स्यूडोएफेड्रिन, आणि जोडीला क्लोरफेनिरामिन, असं काही दिसतंय का? पहिलं नाकातल्या फुगलेल्या रक्तवाहिन्या आवळतं. पण पोटात घेतलेल्या गोळीला फक्त नाकाचा पत्ता ठाऊक नसतो. मूत्राशयाच्या तोंडाशी आणि प्रोस्टेटमध्येही त्याच औषधाला दाद देणारे स्नायू असतात, तेही आवळतात. दुसरं औषध, ज्याच्याने तुम्हाला झोप येते, ते मूत्राशयाचा जोर कमी करतं. म्हणजे दार घट्ट झालं आणि ढकलणारा ढिला पडला. या वयात बऱ्याच जणांची प्रोस्टेट थोडीफार वाढलेली असते. एरवी निभून जातं, या गोळ्यांनी अडतं.

साथीच्या दिवसांत आमच्याकडे असे पेशंट हमखास यायचे. ओटीपोट टम्म, घामाने डबडबलेले, खाटेवर बसवेना म्हणून येरझारा घालणारे. नळी घातली की पिशवी भरतच जायची आणि माणूस डोळे मिटून सुस्कारा सोडायचा. नातेवाईक विचारायचे, “सिस्टर, व्हायरल मूत्रपिंडात उतरला का?” व्हायरल कुठे उतरला नव्हता, गोळी उतरली होती. तेव्हा आधी ती थांबवायचं बघा. चोंदलेल्या नाकाला सलाइनचा स्प्रे पुरतो. शिवाय तुम्हाला बीपी आहे, त्या पहिल्या औषधाने तेही वाढू शकतं.

मग वही. मोजमापाचं भांडं घ्या आणि तीन दिवस प्रत्येक वेळी किती मिली झाली ते वेळेसकट लिहा. काय आणि कधी प्यायलात, झोपलात कधी, उठलात कधी, तेही. कंटाळवाणं काम आहे, पण निम्मं उत्तर त्यात असतं. रात्री दर वेळी थोडीथोडी, शंभर-दीडशे, आणि मोकळं वाटत नाही असं दिसलं, तर मूत्राशय आणि प्रोस्टेट बघायचं. दर वेळी चारशे होत असेल तर प्रोस्टेटला उगाच बदनाम करू नका, लघवी तयारच जास्त होतेय. रात्रीची आणि सकाळी उठल्यावरची पहिली धरून बेरीज चोवीस तासांच्या एक तृतीयांशाच्या वर गेली, तर साखर तपासा, संध्याकाळी पायांवर सूज येते का ते बघा, आणि झोपेत घोरता-घोरता श्वास अडकतो का ते काकूंना विचारा. आजारपणात ‘भरपूर पाणी प्या’ सांगितलेलं असतं, आणि ताप गेल्यावरही लोक झोपताना बाटली रिकामी करत राहतात. तापात स्टेरॉइड दिलं असेल तर साखर नक्कीच बघा.

राहिला थकवा. रात्री उठून उठून झोप मोडली तर दुपारी डुलक्या येणारच, आणि एक रात्र सलग मिळाली की माणूस दुसऱ्या दिवशी टवटवीत दिसतो. व्हायरलनंतरच्या थकव्याची चाल निराळी. पोटभर झोपूनही शिणलेलं वाटतं. बरं वाटलं म्हणून जरा जास्त चाललात, तर त्या दिवशी काही होत नाही, दुसऱ्या दिवशी आडवे. वाचताना ओळ हरवते हे दोन्हींत होतं, त्यावरून काही ठरवू नका. कंबरदुखीचंही तसंच.

धार बारीक होणं, सुरू व्हायला वेळ लागणं, नंतर थेंब गळणं, हे मात्र मी व्हायरलच्या नावावर सहसा टाकणार नाही. घाई होणं आणि सारखं जावं लागणं, ही तक्रार कोविडनंतर काहीजण करतात. पण अडखळणारी धार वेगळी.

पीएसएची घाई नको. लघवीत संसर्ग असेल तर तो आकडा फुगतो, आणि बरं झाल्यावरही सहा-आठ आठवडे थांबून मग करतात. मी बघितलंय, ४ च्या वर आकडा गेला की कॅन्सरच्या भीतीने घरात रडारड. आधी साधी लघवी तपासणी, साखर, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन, आणि सोनोग्राफी. सोनोग्राफीत लघवी करून आल्यावर आत किती उरते ते आवर्जून मोजायला सांगा, रिपोर्टात त्याला पीव्हीआर म्हणतात. लोक प्रोस्टेट किती ग्रॅमची याच्याच चर्चा करतात. मी ८० ग्रॅमवाले मजेत फिरताना बघितलेत आणि ३० ग्रॅमवाले रात्रभर जागताना.

लघवी पूर्ण बंद झाली, रक्त दिसलं, किंवा थंडी वाजून ताप आला, तर वही-बिही बाजूला. त्याच दिवशी दवाखाना.

चष्मेवाला

सिस्टरांनी सर्दीची गोळी लघवी अडवते ते सांगितलं. उलटंही होतं बरं का. मला प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन सुरू झालं आणि नाक चोंदायला लागलं, उठताना चक्कर, अंगात त्राण नाही. घरचे म्हणाले, आला परत व्हायरल! ताप नाही, घसा दुखत नाही, आणि तारखा जुळवल्या तर सगळं गोळीच्या पाठोपाठ सुरू झालेलं. डॉक्टरांना दाखवलं, तर ते म्हणाले, हे त्या औषधाचे ठरलेले दुष्परिणाम आहेत. गोळीची वेळ बदलून दिली, आता बरंय. गंमत म्हणजे चोंदलेल्या नाकासाठी मी सर्दीचीच गोळी घ्यायला निघालो होतो, म्हणजे एकाने सैल करायचं आणि दुसऱ्याने आवळायचं.

जाता जाता: मोतीबिंदू काढायचा असेल तर हे औषध घेता, किंवा पूर्वी घेत होतात, हे डोळ्यांच्या डॉक्टरांना आधीच सांगा. ऑपरेशनच्या वेळी बाहुलीभोवतीचा पडदा लुळा पडतो, त्यांना तशी तयारी ठेवावी लागते.

रात्रपाळी

सगळ्यांचे आभार. पाकिटावर फेनिलेफ्रिन आणि क्लोरफेनिरामिन, दोघंही हजर! डॉक्टरांना विचारून गोळी थांबवली, स्प्रे आणला. धार आता पटकन सुरू होते. थेंब मात्र आहेतच.

वहीत रात्रीच्या सगळ्या नोंदी लहान निघाल्या, शंभराच्या आसपास. साखर आणि लघवीचा रिपोर्ट चांगला आहे. थकव्याचं सिस्टर म्हणाल्या तसंच दिसतंय: एका रात्री न उठता झोपलो तरी सकाळी तसाच शिणलेला, आणि भाजीबाजार करून आलो की दुसरा दिवस अंथरुणात. डॉक्टर आता म्हणतात दोन्ही आहे, एकाच वेळी. त्यांनी लघवीच्या तक्रारींवरचा सात प्रश्नांचा कागद भरून घेतला, ३५ पैकी ११ आले. ८ ते १९ म्हणजे मध्यम त्रास. प्रोस्टेटचं औषध इतक्यात नको, सर्दीची गोळी पूर्ण अंगातून गेल्यावर पुन्हा कागद भरू म्हणाले. पीएसएचं तेव्हाच ठरवू. चालणं थोडं-थोडं वाढवायचं, आणि बरं वाटलं त्या दिवशीही ठरल्यापेक्षा जास्त नाही.

एक शंका आहे. सोनोग्राफीत लघवीनंतर १४० मिली उरलेली दाखवलीय. मेव्हण्याने तो आकडा बघून ऑपरेशनच ठरवून टाकलंय.

जुनी_वॉर्डसिस्टर

मेव्हण्यांना म्हणावं, घाई नको. काका, सोनोग्राफीच्या आधी पाणी ढोसून बराच वेळ लघवी थांबवून ठेवली होती ना? मूत्राशय इतकं ताणलं की चांगल्या माणसालाही ते एका वेळी नीट रिकामं करता येत नाही. शिवाय बाहेर रांग आणि दाराशी कोणीतरी टकटक करतंय. पुढच्या वेळी नेहमीसारखी लागली की जा, निवांत करा, दहा मिनिटांनी परत एकदा जाऊन या, आणि मग मोजायला सांगा. तो आकडा डॉक्टरांना दाखवा. सर्दीची गोळी बंद होऊन किती दिवस झाले होते, तेही त्यांना सांगा.