तांबडा-पांढराच का? पांढरा-तांबडा का नाही?

पंचगंगाकाठ: आमच्या शेजारी राहणारा कन्नड मुलगा मराठी छान बोलतो. परवा खानावळीत रस्सा मागताना तो म्हणाला, "पांढरा-तांबडा दोन्ही वाढा." वाढपी हसला. व्याकरणात काही चूक नाही, तरी कोल्हापुरात असं कुणी म्हणत नाही. त्याला कारण काय सांगू?

कट्टेकरी: पाणिनीनं सांगून ठेवलंय. अल्पाच्तरम् (२.२.३४), द्वंद्वात, म्हणजे दोन शब्दांच्या जोडीच्या समासात, कमी स्वरांचा शब्द आधी. पानसुपारी, केरकचरा, मीठमिरची.

गूळभेली: तांबडा, पांढरा दोन्ही सारख्याच लांबीचे. इथं सूत्र काय करणार? आणि वरणभात, आमटीभात? तिथं तर लांब शब्द आधी. मराठीला दरवेळी संस्कृतचं माप कशाला?

कट्टेकरी: वरणभात द्वंद्व नव्हेच. वरण घातलेला भात तो, साखरभातासारखा.

गूळभेली: मग भाजीभाकरी म्हणजे भाजी घातलेली भाकरी का?

रस्सावाटी: भावा, आमच्यात पांढरा आधी पितात, मग तांबड्याला हात. तरी तोंडात तांबडाच पहिला येतोय. ताटातल्या क्रमाचा काय संबंध न्हाई.

शब्दवेल्हाळ: पॉली आणि सायडर या भाषाशास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये इंग्रजीबद्दल हेच मांडलं. व्याकरणाला चालतील अशी वाक्यं ढीगभर असतात, मातृभाषक त्यांतली थोडीच बोलतो. ती जुळवत बसत नाही, अख्खी पाठ असतात. त्या मुलाला नियम देऊ नका, जोडीच द्या.

महाद्वार: क्रियापदांचंही तेच. जोतिबाला नारळ वाढवायचा, कामावरून काढलं की नारळ द्यायचा. आज्जी रात्री दुकानदाराला विचारायची, "दुकान वाढवलं का?" पुण्याहून आलेल्या भाचीला वाटलं, शेजारचा गाळा घेतला!

कट्टेकरी: आणि आता सर्रास "नारळ फोडला" लिहितात. देवापुढं फोडणं, बंद करणं हे शब्द टाळायचे असतात. ती रीतच चाललीय.

रस्सावाटी: प्रचाराचा नारळ सगळे फोडतातच की. पेपरात रोज छापून येतंय. वाढवला म्हटलं तर पोरांना कळंल का?

कट्टेकरी: कळत नाही म्हणूनच वापरायचा. घरात कानावर पडला नाही तर येणार कुठून?

महाद्वार: आमच्या आईला काचेची बांगडी "फुटली" म्हणवत नाही, वाढवली म्हणते. पण कप मात्र फुटतो. कपाला ही सवलत का नाही, कुणी सांगेल?

गूळभेली: बांगडी सौभाग्याची, कप इंग्रजांचा.

कट्टेकरी: आणि दिवा? तो मालवायचा की शांत करायचा, त्यावर आधी बोला.